दोरी संपल्यावरचं एक पाऊल

कंप्युटर शिकवते असं सांगितलं की लोक लगेच आपला मोबाईल माझ्या हातात देतात. रिक्षावाला म्हणतो, मॅडम, जरा बघा ना, फोटो सेव्ह होत नाहीत. शेजारच्या काकूंना रेल्वेचं तिकीट काढून हवं असतं. तळा गावी माहेरी गेले की भावकीतलं कुणी ना कुणी आधार लिंक करायला कागद घेऊन ओसरीवर बसलेलंच असतं. मी तीसेक वर्षं अलिबागजवळच्या एका डिप्लोमा कॉलेजात सी नावाची भाषा शिकवली, यातलं काहीही मला धड येत नाही, हे सांगून सांगून जीभ झिजली. कुणाला पटत नाही. माझे वडील शाळामास्तर होते, शिकण्यापुढे त्यांना दुसरा देव नव्हता, पण त्यांनाही शेवटपर्यंत वाटायचं की मुलगी टायपिंग शिकवते.

यंदा निवृत्त झाले. संपादकांचा फोन आला, म्हणाले, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, अहो, काय लिहू? एकच धडा वर्षानुवर्षं शिकवला. व्हाइल लूप, त्याच्या पोटात दुसरं व्हाइल लूप, आणि त्यात ते प्लस प्लस. ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते. कंटाळा आला तर पान उलटा, मी रागावणार नाही. वर्गात पोरं माझ्यासमोर जांभया द्यायची, ते पचवलंय मी.

व्हाइल लूप म्हणजे काही ब्रह्मदेवाचं गणित नाही. ‘जोपर्यंत अमुक आहे तोपर्यंत तमुक कर,’ एवढंच. ताटात भात आहे तोवर जेव. आता एकात एक दोन लुपं म्हणजे काय, तर पंगत. बाहेरचं लूप ओळी मोजतं, आतलं लूप त्या ओळीतली पानं. वाढपी पहिल्या ओळीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो. मग दुसरी ओळ, पुन्हा पहिल्या पानापासून. हे ‘पुन्हा पहिल्या पानापासून’ कंप्युटरला सांगावं लागतं. आतल्या मोजणीचा आकडा, त्याला आम्ही ‘जे’ म्हणतो, परत शून्य करावा लागतो. पोरं नेमकं तेच विसरतात. मग पहिली ओळ पोटभर जेवते आणि बाकीच्या ओळी रिकाम्या पानांपुढे बसून राहतात.

राहता राहिलं प्लस प्लस. आकड्याच्या नावामागे दोन अधिकची चिन्हं लावली, म्हणजे j++ असं लिहिलं, की अर्थ होतो: आधी आहे तो आकडा वापर, मग एकाने वाढव. यासाठी मी दवाखान्यातला कंपाउंडर वापरायचे. तो पाटीवरचा आकडा बघतो, पाच, ओरडतो, ‘पाच नंबर आहे का?’ आणि उत्तर यायच्या आधीच पाटी उलटून सहा करून ठेवतो. पाच नंबरवाला उठला तर ठीक. नाही उठला, दवाखाना रिकामा झाला, तरी पाटीवर सहाच. उत्तर ‘नाही’ आलं म्हणून पाटी मागे फिरत नाही. एवढं कळलं की सी भाषेतली निम्मी डोकेदुखी जाते. पण एवढंच कळत नाही, आणि त्यावर माझा संसार चालला.

जुन्या लॅबचे हाल काय सांगायचे! समुद्राची खारी हवा. कीबोर्डच्या बटणांना गंज चढायचा, वायरी पांढऱ्या पडायच्या, चपला बाहेर काढून आत आलं तरी पायाखाली वाळू. माणगावचा एक मुलगा होता, बापाचं बाजारात भांड्यांचं दुकान. तो लुपात प्लस प्लस लिहायचंच विसरला आणि उत्तर त्याने पडद्याऐवजी थेट प्रिंटरला पाठवलं. आकडा वाढेना, लूप थांबेना, प्रिंटर आपला एक, एक, एक असं छापत सुटला. शिपाई दोन्ही हातांनी कागद ओढतोय आणि ओरडतोय, ‘मॅडम, ह्याला आवरा, ह्याच्या अंगात आलंय!’ शेवटी वीज गेली म्हणून वाचलो. बाप भेटायला आला तेव्हा म्हणाला, ‘पोरगा सांगतो, कंप्युटर चुकला.’ मी म्हटलं, ‘शेठ, कंप्युटर कधी चुकत नाही, तीच तर त्याची खोड आहे. सांगाल तेवढंच करतो.’ बाप म्हणाला, ‘मग ह्यालाच दुकानात ठेवतो की, पोराला राहू दे तुमच्याकडे.’

तेव्हा हसू यायचं. शेवटच्या काही वर्षांत हसूही यायचं बंद झालं. पोरं प्रश्नाचा फोटो काढून मोबाईलला विचारायला लागली आणि मोबाईल क्षणात उत्तर द्यायला लागला. उत्तर बरोबर, पोरगं कोरं. ‘मॅडम, सी आता कोण वापरतं?’ हा प्रश्न दरवर्षी नव्या तोंडातून. त्यात कॉलेजच्या तपासणीच्या फाइली. शिकवणं कमी आणि शिकवलं याचा पुरावा गोळा करणं जास्त. खरं सांगते, खुर्चीत बसलं की उठावंसं वाटत नव्हतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि मी कॅलेंडरकडे कैद्यासारखी बघत होते.

अशात नयना आली.

नयना रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. बाकी सगळे विषय सुटलेले, एका सीची केटी लागलेली, म्हणजे विषय मागे राहिलेला. प्रॅक्टिकलमध्येच गाडी अडायची. पहिल्या वर्षापासून माझ्या लक्षात होती ती एका कारणाने. मी पंगतीचं उदाहरण देत होते, वाढपी ओळ संपवून परत पहिल्या पानाकडे जातो म्हणून. ही मागच्या बाकावरून म्हणाली, ‘पण मॅडम, तो परत का जातो?’

‘म्हणजे?’

‘ओळ संपली तर तो तिकडंच उभा हाय ना. मग पुढची ओळ तिकडूनच धरंल की. मोकळ्या हाताने मागं कशाला येईल?’

वर्ग खो खो हसला. मला पाठ संपवायचा होता. मी म्हटलं, ‘नयना, तो कंप्युटर आहे, तुझा मामा नाही. सांगितलंय तर लिही, जे बरोबर शून्य.’ तिने लिहिलं. पण लिहून घेणं आणि पटणं यात फरक असतो. बाकीची पोरं ती ओळ निष्काळजीपणाने विसरायची. ही विसरायची नाही, तिचा हातच ती लिहायला तयार नसायचा. प्रत्येक परीक्षेत तेच. पहिली ओळ छापून यायची, खाली सगळं कोरं.

एक दिवस तिची आई तिला घेऊन लॅबच्या दाराशी आली. हिरूबाई. काटक बाई, चपला बाहेर काढलेल्या, एक हात कमरेवर ठेवून उभी. आत यायला तयार होईना, म्हणाली, ‘माझ्या कपड्याला वास हाय, इथंच बरी.’

मग म्हणाली, ‘मॅडम, हिची ती सी उरलीय म्हनं. नव्या मुंबईत एका कंपनीनं हिला घेतलीय, पन ती सी सुटल्याबिगर आत घेनार न्हाय. ह्या परीक्षेपत्तुर थांबतील, पुढं न्हाय. सुटली तर ही जाईल. न्हाय सुटली तर बसंल माझ्यासंगं वलांडीखाली, बोंबील सुकवत.’ आणि कमरेवरचा हात दाबून म्हणाली, ‘माझी गेली ती गेली. हिची जायला नको.’

नयना खाली बघत होती. कंपनी छोटी होती, वजनकाट्यांच्या आतली सर्किटं बनवणारी. त्या इवल्याशा सर्किटांना आजही सीच लागते, हे मी पोरांना सांगून थकले होते. आता ज्या पोरीला त्याची खरी गरज होती तिलाच ते येत नव्हतं.

मी म्हटलं, ‘बघते.’ मनात म्हटलं, कशाला गळ्यात घेतेस ही धोंड? घरी जा, झोप.

कॉलेज सुटल्यावर तिला शिकवायला लागले. पोरगी मेहनती. दिलेलं सगळं पाठ करून यायची, स्वल्पविरामासकट. पण प्रश्न जरा फिरवला, ओळींच्या जागी खांब, म्हणजे उभ्या रांगा म्हटलं, की पुन्हा मूळपदावर. पुन्हा पहिली ओळ भरलेली, बाकी कोरी. ‘अगं बाई, जे शून्य कर ना!’ मी एकदा किंचाळलेच. ती शांतपणे म्हणाली, ‘विसरते मॅडम. विसरते म्हणजे, हात पुढंच जातो.’ मला त्या ‘हात पुढंच जातो’चा अर्थ लागला नाही. मी पर्स उचलली आणि घरी गेले.

अर्थ लागला तो रेवदंड्याला. मार्चात मी सुके बोंबील घ्यायला गेले होते. अलिबागच्या बाजारात मिळतात, पण आमच्या घरी रेवदंड्याचेच लागतात. रिक्षातून उतरले आणि किनाऱ्यावरच्या वलांड्यांमधून वाट काढत निघाले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वलांडी म्हणजे बांबूचे उभे आडवे खांब रोवून त्यांवर दोऱ्या बांधलेला मांडव. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची. ओळीने, एकीला खेटून दुसरी. अशा दोरीमागे दोरी. उन्हात उभं राहून, हात वर करून, दिवसभर.

तिथे नयना होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, ओल्या बोंबलांचं टोपलं डाव्या कमरेवर. हिरूबाई एका बाजूला खाली बसून जोड्या लावून दुसऱ्या टोपल्यात टाकत होती. नयना दोरी भरत सरकत होती. दोरी संपली. ती एक पाऊल पुढे गेली, बांबूखालून वाकून पलीकडच्या दोरीपाशी आली आणि तिथूनच, त्याच टोकाकडून, दुसरी दोरी भरत माझ्या दिशेने परत यायला लागली.

मी उन्हात तशीच उभी राहिले. ही लहानपणापासून हेच करत आली होती. टोपलं कमरेवर असताना मोकळ्या दोरीखालून उगाच चालत कोण मागे जाईल? हिचा हात का पुढे जातो ते मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच चीड आली. एवढी वर्षं पंगत वाढत बसले होते.

‘नयना!’ मी हाक मारली. ती दचकली, टोपलं सावरत म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही इकडं?’

‘ते टोपलं खाली ठेव. तिकडे, पहिल्या खांबापाशी.’

‘का?’

‘ठेव म्हणते ना. आता टोपलं तिथेच राहणार. उचलायचं नाही. हातात मावतील तेवढ्या जोड्या घे आणि ही दोरी भर.’

तिने भरली. दोरी संपली. ती सवयीने पलीकडच्या दोरीकडे वळली, हात वर केला आणि थांबली. हातात जोडी नव्हती.

‘आता?’ मी विचारलं.

‘आता... परत जायला लागंल. टोपल्याकडं.’

‘मोकळ्या हाताने?’

‘मोकळ्या हाताने.’ ती टोपल्याकडे बघत म्हणाली. ‘मॅडम, कंप्युटरला कंबर न्हाय.’

‘नाही. त्याचं टोपलं कायम पहिल्या टोकाला. दरवेळी त्याला परत जावंच लागतं.’

‘बिचारा,’ नयना म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हिरूबाई खालून म्हणाली, ‘हसताय काय? बोंबील उन्हात आंबतील.’

त्या दिवशी मी प्लस प्लसही तिथेच उरकलं. कंपाउंडरला सुट्टी दिली. म्हटलं, दोरीवर पाच जोड्यांची जागा आहे असं धर. तू दरवेळी विचारतेस, ‘पुढे दोरी आहे का?’ आणि विचारता विचारताच पाऊल टाकतेस. पाचवी जोडी टाकलीस. पुन्हा विचारलंस, पाऊल टाकलंस. पुढे दोरी नाही. पण पाऊल पडलंय. तू कुठे उभी आहेस?

‘खांबापल्याड.’

‘म्हणजे आकडा?’

‘सहा.’ तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही. वर्गात हेच उत्तर मिळवायला मला पोरांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. निम्मी पोरं पाच म्हणत, काही हुशार चार म्हणत.

पुढच्या खेपेला ती एक भलतंच लिहून घेऊन आली. घरी बसून तिने वलांडीचा प्रोग्राम केला होता, तिच्या पद्धतीचा. कुठेही शून्य न करता. जाताना प्लस प्लस, येताना मायनस मायनस. मी म्हटलं, परतीच्या दोरीत घोळ होणार बघ, शेवटची जागा रिकामी राहणार. चालवून बघितला तर चोख. कारण जाताना ती पाचावर थांबलेलीच नव्हती, सहावर उभी होती. परतीला विचारलं, ‘एकाच्या पुढे आहे का?’ आणि विचारता विचारता एक पाऊल मागे आली, पाचावर. तिथूनच पहिली जोडी. ते जे जास्तीचं पाऊल पोरांना वर्षानुवर्षं नडायचं, त्याच पावलाने ती बांबूखालून वळली होती. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. थकल्या जिवाला असं काही दिसलं की बरं वाटतं हो. फार बरं वाटतं.

पण परीक्षेत तिच्या पद्धतीचं कुणी विचारणार नव्हतं.

प्रॅक्टिकल एप्रिलात झालं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, घामाघूम, मुंबईला परतायची बोट गाठायची म्हणून सारखे घड्याळ बघणारे. मी कॉलेजकडची परीक्षक, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. आमच्याकडे नियम असा की विद्यार्थी मशीनवर बसला की मी तोंड उघडायचं नाही. नयनाला चिठ्ठी आली: व्हाइलमध्ये व्हाइल वापरून अंकांचा चौकोन छापा, प्रत्येक ओळीत एक ते पाच, ओळी चार. माझ्या तीसेक वर्षांतला सगळ्यात साधा प्रश्न.

तिने टाइप केलं. चालवलं. पडद्यावर पहिली ओळ आली. एक, दोन, तीन, चार, पाच. खाली कोरं.

परीक्षक मागे उभे होते. ‘हं,’ एवढंच म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ मला पुरेपूर माहीत होता, मीच कितीदा तसं म्हटलंय. मला दारात उभी असलेली हिरूबाई दिसायला लागली, कमरेवर हात ठेवलेली. अगं शून्य, शून्य, शून्य! मी पदराचा बोळा करून मुठीत धरला होता.

नयनाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. डावा हात कमरेशी नेला. तिथे काही नव्हतं. कमरेची ती रिकामी जागा तिने चाचपली आणि पडद्याच्या डाव्या कडेकडे बघितलं, जिथून ओळ सुरू होते. मग प्रोग्रामवर परत आली, बाहेरच्या लुपात शिरली आणि एक ओळ लिहिली. चालवलं. चारही ओळी भरल्या.

परीक्षक खुर्ची ओढून बसले. ‘आतलं लूप संपल्यावर, हे शून्य करायच्या आधी, जे किती असतो?’

‘सहा, सर.’

‘अट काय आहे? पाचपेक्षा कमी. मग सहा कुठून आला? पाठ केलंयस?’

‘न्हाय सर.’ घाबरली की ती घरचं बोलायची. ‘पुढं दोरी हाय का, हे इचारताना पाऊल पडतंच. दोरी न्हाय म्हनून कळतं तवा आपण खांबापल्याड गेलेलो असतो. पाऊल मागं घेता येत न्हाय.’

‘कसली दोरी?’

ती माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं.

‘बोंबलाची, सर,’ ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. मग पेन काढून गुण लिहिले. उठताना मला हळूच म्हणाले, ‘मॅडम, बोट गाठायच्या आधी सुके बोंबील चांगले कुठे मिळतील हो?’ मी पत्ता सांगितला. अर्थात हिरूबाईचाच.

नयना सुटली. त्या पावसाळ्यात ती नव्या मुंबईला गेली. दोन मुलींबरोबर खोली घेतली, अधूनमधून मेसेज यायचा. एकदा एका काट्याच्या आतल्या सर्किटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, इथं पण टोपलं पहिल्या टोकालाच.’ मी तो फोटो स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत फिरले. कुणाला काही कळलं नाही. मला एकटीला आनंद झाला, तेवढा पुरला.

मग मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. प्राचार्यांनी माझं नावही नीट घेतलं नाही, पण असो. घरी बसून आराम करायचा म्हणून एवढी वाट पाहिली आणि आराम काही अंगी लागेना. सकाळी उठून कुठे जायचं तेच कळेना. यंदाच्या मार्चात, बोंबील घ्यायचं निमित्त काढून, रिक्षा धरली आणि रेवदंड्याला गेले.

वलांडीखाली हिरूबाई एकटीच होती. तिने मला पाहिलं नाही. मी जरा लांब उभी राहिले.

टोपलं पहिल्या खांबापाशी जमिनीवर ठेवलेलं होतं. ती वाकली, कमरेला हात देऊन वाकली, हातात मावतील तेवढ्या जोड्या घेतल्या आणि दोरी भरत गेली. पलीकडचं टोक आलं. मग ती मोकळ्या हातांनी, वलांडीच्या सावलीतून, पाय ओढत, सगळी वाट चालत परत टोपल्याकडे आली. पुन्हा वाकली. दुसरी दोरी, पुन्हा पहिल्या टोकापासून. पुन्हा मोकळ्या हातांनी परत.

मला बघवेना. मी किती पोरांना ओरडून सांगितलं होतं, परत जा, पहिल्यापासून धर, शून्य कर. ते करणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

‘हिरूबाई,’ मी जवळ जाऊन म्हटलं. ‘दरवेळी इकडे कशाला येता? तिकडूनच धरा की पुढची दोरी.’

‘या मॅडम.’ तिचं तोंड उजळलं. ‘धरली असती, पन टोपलं कोन नेनार तिकडं? नयना व्हती तवा कंबरेवर घिऊन फिरायची. मना आता उचलवत न्हाय. जिथं ठेवलं तिथंच राहातं.’ बांबूला कमरेचा एक पट्टा लटकत होता, नवाकोरा. ‘तिनंच पाठवलाय. घामानं चावतो, म्हनून काढून ठेवला.’

‘मग सुट्टीच्या दिवशी बोलवा ना तिला. एवढं तर करेल.’

‘येते ना, दर सुट्टीला येते. पन मी तिला सांगून ठेवलंय. घरात जेव, झोप, समुद्रावर फिर. दोरीला हात लावायचा न्हाय.’ हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टोपल्याकडे बघत होती. ‘येकदा हात लावला का परत सुटत न्हाय तो. मना म्हाईत हाय ना.’

पोरगी सुटली म्हणून मी मेसेज दाखवत फिरत होते, आणि इथे ही बाई तिच्या वाटची चाल रोज चालत होती. कुणाची तक्रार नाही, काही नाही. मी पर्स बांबूला, त्या पट्ट्याशेजारी अडकवली. पदर खोचला आणि टोपलं उचललं. अगं आई गं! जड होतं. ओल्या बोंबलांचं पाणी गळून साडीवर आलं.

‘आवं मॅडम, काय करताय? वास लागंल साडीला! धुतलं तरी जानार न्हाय!’

‘लागू दे,’ मी म्हटलं. ‘मला आता कुठे जायचंय?’

ती मला नको नको म्हणत होती, मी टोपलं सोडत नव्हते. शेवटी ती हसली. आम्ही चालायला लागलो. मी टोपलं कमरेवर घेऊन तिच्या बरोबरीने सरकत होते, ती जोड्या उचलून टाकत होती. टोपलं सारखं घसरत होतं. माझी कंबर काही सवयीची नाही, आणि खाली वाळू. मी पायांकडे बघत चालले होते, वर दोरीकडे माझं लक्षच नव्हतं.

‘थांबा मॅडम,’ ती म्हणाली. ‘दोरी संपली.’

मी खांबापल्याड गेले होते. मागे वळायला लागले तर तिने हात धरला.

‘ऱ्हाऊ द्या तिथंच,’ हिरूबाई म्हणाली. ‘पुढची तिकडूनच धरू.’